सोलापुरी चादर धुणारं मशीन

१२ फेब्रुवारी १९७६
मशीन पुन्हा बंद. घरात एक अंथरुणाला खिळलेलं माणूस पुरे नव्हतं, आता हेही आडवं. शाळेतून आले तर चादरी साबणाच्या पाण्यात तशाच, आणि मशीन नुसतं घूं करतंय. दोन लाथा घातल्या. शेजारच्या पद्माक्कांनी खिडकीतून पाहिलं. पोरांना शिस्त शिकवणाऱ्या बाई! तिसऱ्या लाथेला माझाच अंगठा ठेचला.

मुकुंदभावजी बोटीवर नोकरीला, त्यांनी परदेशातून हे आणलं तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. बादलीनं पाणी भरायचं, बटण फिरवायचं. पाच महिने चाललं. पण काय ते पाच महिने! आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, अर्धांगाचा झटका आल्यापासून रोज दोन-तीन चादरी ओल्या. परटिणीनं दुसऱ्याच आठवड्यात हात जोडले, "बाई, बाकीचं ढीगभर दे, म्हातारीचं तेवढं नगं." तिचं तरी काय चुकलं? भावजी, ज्या कुठल्या समुद्रात असाल तिथं सुखी राहा.

१४ फेब्रु.
हे म्हणाले, चादरी कशाला? जुनी लुगडी फाडून घाल, हलकी, हातानं निघतील. पटलं. घातली. आत्याबाई दुपारी जेवल्या नाहीत. चार वाजता तोंड भिंतीकडे करून म्हणाल्या, "चिंद्यांवर निजवलंस. म्हंजे माजं संपलं म्हन की."

वीस वर्षं गिरणीत सूत भरण्यात गेली त्यांची. सोलापुरी चादरीशिवाय पाठ टेकली नाही. माझी अक्कल शेण खायला गेली होती. लुगडी काढली, चादर घातली, वरणभात भरवला. जेवल्या.

१५ फेब्रु. (रविवार)
हातानं तीन चादरी. ओली सोलापुरी चादर पिळून बघावी एकदा, जावयाच्या अंगात किती दम आहे तेसुद्धा कळेल. एक टोक ह्यांनी धरलं, एक मी. ह्यांची कंबर धरली. आज रजा टाकून झोपलेत.

१७ फेब्रु.
मेहबूबभाई आले. ह्यांच्या एस.टी. डेपोतल्या मित्राच्या ओळखीचे, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत यंत्रमागांचे फिटर. मशीन पालथं घालून उघडलं. आतून मूठभर सूत निघालं. दांडा वाकलेला.

"भाभी, हिच्यात काय घालत हुता?"
"चादरी."
"कसली?"
"कसली म्हणजे? चादर. सोलापुरी."
"एकावेळी किती?"
"दोन."

त्यांनी पाना खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला. भाभी, ही साहेबलोकांचे पातळ पलंगपोस धुणारी हाय. तुमी हिच्या डोक्यावर म्हैस बसवली की!"

आणि मशीन अडलं की मी शेजारणींना सांगत होते, फॉरेनचा माल असाच, दिसायला गोरा आणि आतून पोकळ. मशीन बिचारं निर्दोष. सोलापुरात जन्म गेला, चादर म्हणजे चादर, दुसऱ्या जातीची असते हे डोक्यातच आलं नाही. मेहबूबभाईंनी दांडा ठोकून सरळ केला, पण म्हणाले भरवसा धरू नका. कशाला धरतेय. दुसरं घ्यायचं, आणि ह्या खेपेला चादरीला पुरून उरेल असं.

२० फेब्रु.
मशीन दोन दिवस चाललं, आज दांडा तुटला. संपलं. धुण्याच्या सोड्यानं बोटं फाटलीत. फळ्यावर लिहिताना खडूची पूड भेगांत जाते, झोंबते. आत्याबाई माझ्या हातांकडे बघतात आणि डोळे मिटतात. मी हात पदराखाली घेते.

२३ फेब्रु.
आज जे कळलं ते लिहिताना लाज वाटते. पण लिहिते.

परवापासून आत्याबाईंना ताप, मधेच भ्रमिष्टासारखं बोलणं. डॉक्टर आले. जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली. विचारलं, पाणी किती पितात? मी ठसक्यात सांगितलं, उशाशी तांब्या भरून ठेवते. त्यांनी तांब्याचं झाकण काढलं. काठोकाठ. सकाळी सहाला मी भरला तसाच, आणि तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

ह्यांची दुपारची पाळी, म्हणून सकाळभर आईजवळ हेच असतात. ह्यांना विचारलं. म्हणाले, "मी देतो तर नंतर पिते म्हणते." चहासुद्धा दोन घोट घेऊन चूळ भरल्यासारखा पिकदाणीत टाकतात, हे पद्माक्कांनी पाहिलंय. शिवाय ओलं झालं तर मुलाला सांगायचं नाही. मी येईपर्यंत तशाच ओल्यात पडून राहायचं.

डॉक्टर गेल्यावर मी फार बोलले. ओरडलेच. कशासाठी जीव देताय? त्या म्हणाल्या, "मशीन हुतं तवर पीत हुते की. आता तुजे हात दिसत्यात मला."

मी शेजारच्या खोलीत जाऊन रडले. मशीन माझ्या सुखासाठी आहे असं समजून मी दुसरं आणायला चालढकल करत आठवडा काढला. ते त्यांच्या घोटभर पाण्यासाठी होतं.

डॉक्टर म्हणाले, लघवीच्या मार्गाची जळजळ आहे, मूत्रपिंडावर जायला नको. भरपूर पाणी. गोळ्या. बघू.

२४ फेब्रु.
मी स्वतः वाटी तोंडाला लावून बसते. चमच्या-चमच्यानं पितात, माझ्यासाठी म्हणून. मी समोरून उठले की ओठ मिटतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं सगळं आत्याबाईंनी काढलं. बाहेरच्या बाईला हात लावू दिला नाही. तेव्हा मी कुठं पाणी प्यायचं थांबले होते?

२८ फेब्रु.
सात रस्त्याला मशीनच्या दुकानात. हे नको नको म्हणत होते, तरी मी बादलीत ओली चादर घेऊन गेले. रिक्षावाल्यानं विचारलं, घाटावर चाललात का.

दुकानदार गोड बोलणारा. मशीन पांढरंशुभ्र, वर काचेचं झाकण, दोन वर्षांची हमी. मी म्हटलं, हमी राहू द्या, ही चादर धुवून दाखवा. तो हसला. मी हसले नाही. शेवटी चादर घातली. मशीन अर्धा फेरा फिरलं, कण्हलं आणि उभं राहिलं.

"बाई, चादरी परटाला द्या. हिच्यात तुमचे झंपर, साहेबांचे शर्ट..."
"झंपर मी चुटकीसरशी धुते हो. साहेबांचे शर्ट साहेब धुतील."

आणि बिघडलं तर? माणूस पुण्याहून येणार, सुटे भाग मुंबईहून. कधी? "येतील की आठ-पंधरा दिवसांत." पंधरा दिवस आत्याबाईंनी काय करायचं ते त्याला विचारलं नाही. चादर बादलीत टाकून परत. हे रस्ताभर माझ्यापासून दहा पावलं पुढं चालत होते, ओळख नसल्यासारखे.

२ मार्च
मेहबूबभाईंना सगळं सांगितलं, पाण्याचंसुद्धा. मग म्हणाले, "टॉवेलच्या कारखान्यात नमुने धुवायला फिरता लोखंडी ढोल असतो. तसला छोटा करून देतो. पट्टा, गिअर सगळं मागाचं. तुटलं तर सोलापुरात दहा दुकानांत मिळंल, मी नसलो तरी कुणीबी बसवील." ह्यांचं तोंड उतरलं, घरात काय कारखाना काढतेस? काढते म्हटलं.

टिकाऊ म्हणजे काय ते मला आज समजलं. जे कधीच मोडत नाही ते नव्हे. मोडलं तर संध्याकाळपर्यंत उभं राहतं ते.

१३ मार्च
ढोल आला. हातगाडीवरून, चौघांनी धरून. काळाकभिन्न. न्हाणीघराचं दार काढावं लागलं. मेहबूबभाई घाम पुसत म्हणाले, "भाभी, ह्याच्यावर हत्ती बसवा."

आतल्या खोलीतून आत्याबाईंचा आवाज, "आतून हात फिरवला का?" आम्ही बघतच राहिलो. ताप उतरल्यापासून इतकं मोठ्यानं बोलल्या नव्हत्या.

"फिरवला अम्मा, गुळगुळीत हाय."
"हाताला काय कळतंय? कापसाचा बोळा फिरव. जितं अडकंल तितं घास. न्हायतर पयल्याच दिवशी माजी चादर खाईल."

मेहबूबभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी देवघरातला वातीचा कापूस दिला. आतून फिरवला. चार जागी अडकला. चार! जिथं पत्रा जोडला होता तिथं. ते आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले, कानाची पाळी धरली.

"गिरणीत हुता का अम्मा?"
"तू जन्मला नव्हतास तवापास्नं."

ढोल परत गेला, त्याच चौघांबरोबर. ह्यांनी न्हाणीघराच्या दाराची चौकट बघितली आणि सुस्कारा टाकला. आत्याबाई मात्र दिवसभर खुशीत. पेलाभर ताक घेतलं, त्यातलं निम्मं टाकलं. पण निम्मं पोटात गेलं.

१८ मार्च
ढोल पुन्हा आला. मेहबूबभाईंनी कापसाचा बोळा स्वतःच आत्याबाईंच्या डाव्या, धड हातात दिला, आणि आम्ही पलंग ढकलत न्हाणीघरापर्यंत नेला. आत्याबाईंनी जमेल तितका हात आत घातला. कुठं अडकला नाही. "चालू कर," म्हणाल्या, गिरणीतल्या मुकादमासारख्या.

दोन चादरी एकदम घातल्या. आवाज असा की पद्माक्का धावत आल्या, "एमैंदी, एमैंदी?" काय झालं म्हणून! काही नाही झालं. चादरी फिरत होत्या. वीस मिनिटांनी मी बटण बंद केलं (आपोआप होत नाही, समोर बसावं लागतं, बसेन) आणि चादरी स्वच्छ. पिळायच्या मात्र आम्ही दोघांनीच. ह्यांनी कुरकुर न करता टोक धरलं. मेहबूबभाई निघताना मी वाकून नमस्कार करायला गेले तर चार हात मागं सरकले, "भाभी, काय करताय, मी लहान हाय तुमच्यापेक्षा." असूदेत लहान. देव त्यांचं भलं करो.

१९ मार्च
सकाळी शाळेत जाण्याआधी तांब्या भरला. आल्यावर झाकण काढायचा धीर होईना. काढलं. बोटभर खाली. फक्त बोटभर. रागावले नाही.

२२ मार्च
डॉक्टर येऊन गेले. सूज आहे पायांवर. लघवी पुन्हा तपासायची, उत्तर दोन दिवसांनी. काय निघेल ते सांगता येत नाही म्हणाले. मी विचारलं नाही, त्यांनी बळंच धीर दिला नाही. बरं केलं.

दुपारी पाटावर वह्या तपासत बसले होते. हे डेपोत जायला बूट घालत होते. तेवढ्यात आतून हाक आली, खणखणीत, गल्लीत ऐकू जाईल अशी. माझ्या नावानं नव्हे. ह्यांच्या नावानं.

"दत्तू! आरं दत्तू! ओली झाले बग. चादर काढ, आन् येताना पानी आन."

हे एक बूट घातलेलेच आत धावले.