देवस्याच्या घरी रिसीव्हर

पाला, ३ नोव्हेंबर

ती. चेचीस सा. न.

परवा तू फोन रागानं ठेवलास, म्हणून हे पत्र. पुढच्या आठवड्यात घरी रिसीव्हर येतोय. पुढची खोली त्याच्यासाठी रिकामी केली. अप्पनचं जेवणाचं टेबल मागच्या पडवीत टाकलं. एक सब ठरला आहे. दुसऱ्यावरून जोजीचं आणि माझं अडलंय. काळजी करू नकोस, सगळं माझ्या मर्जीनं चाललंय.

तुझा,
देवस्या

कोझिकोड, ७ नोव्हेंबर

चि. देवस्या यास अनेक आशीर्वाद, लायकी नसली तरी.

तुझं पत्र वाचेपर्यंत चहा गार झाला. मी सारी नोकरी रजिस्ट्रेशन खात्यात काढली. कोर्ट एखाद्या घरावर रिसीव्हर कधी नेमतं, हे मला सांगू नकोस. वाटेकऱ्यांत दावा लागला की नेमतं. आपल्यात कसला दावा? मी भांडते आणि तुला ऐकू येत नाही, त्याला काही दावा म्हणत नाहीत. आणि विक्रीला एक सब-रजिस्ट्रार पुरतो, दोन कशाला? घर फुंकायला काढलंस का रे? मी तुझी चेची, थोरली बहीण; अप्पन माझेही वडील; अर्धं माझं आहे. मी सही करणार नाही.

हा जोजी कोण? दलाल असेल तर त्याला म्हणावं, एलिक्कुट्टी अजून जिवंत आहे. नंबियार वकिलांना भेटून आले. ते म्हणाले, बाई, दाव्याचा नंबर आणा. तो कळव, आणि वाक्यं पुरी लिही. आम्हांला कॉन्व्हेंटात अर्धवट वाक्याला पट्टी मिळायची. तुला कोणी मारलं नाही, ते दिसतंच आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
एलिक्कुट्टी

पाला, ११ नोव्हेंबर

ती. चेचीस सा. न.

तुझं पत्र जोजीला वाचून दाखवलं. तो हसत हसत दुकानातच खाली बसला. चेची, जोजी स्पीकर विकतो. रिसीव्हर म्हणजे गाण्याचं यंत्र, सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारं. सब म्हणजे सबवूफर, ढोलासारखा खोल आवाज काढणारी पेटी. घर जागच्या जागी आहे.

आता तू म्हणशील, बहिऱ्याला गाणं कशाला. बारीक आवाज गेले गं. पाखरं गेली, फोनवरची तू गेलीस. पण गेल्या पेरुन्नाळाला, चर्चच्या सणाला, मिरवणूक दारावरून गेली, तेव्हा चेंडा ढोलाचे ठोके तळपायांतून वर आले. तेवढं अजून पोचतं.

अडचण अशी, की सब कोपऱ्यात ठेवला तर माझ्या खुर्चीत ठोका भरून येतो आणि खिडकीजवळच्या खुर्चीत अगदी पोकळ लागतो. जोजीनं स्वतः तिथे बसून मान हलवली. दोन ठेवले तर दोन्ही खुर्च्यांत सारखा लागेल. मग दोन सब वेगवेगळे सांभाळणारा रिसीव्हर हवा. जोजी म्हणतो, अच्चाया, तुम्ही एकटे, एकच घ्या, खिडकीत बसतंय कोण?

खिडकीत तू बसायचीस, वारा लागतो म्हणून. निवृत्त झाल्यापासून 'येते, येते' म्हणतेस. मीही तुझी भावजय लिली गेल्यापासून ती खुर्ची हलवलेली नाही. शिवाय सब बंद पेटीचा घ्यावा की पुढं भोक असलेला, हे माझ्या कानांना कळत नाही. एक की दोन, एका ओळीत कळव. जोजी शनिवारपर्यंत थांबतोय.

तुझा,
देवस्या

कोझिकोड, १४ नोव्हेंबर

चि. देवस्या यास अनेक आशीर्वाद.

दोन.

एका ओळीत उत्तर मागितलंस, दिलं. आता पुढचं ऐक, म्हणजे वाच. इथल्या दुकानात जाऊन दोन्ही तऱ्हेचे सब ऐकून आले. विकणाऱ्या पोरानं विचारलं, अम्मच्ची, कुठला सिनेमा लावू? म्हटलं, ढोल लाव आणि गप्प राहा. भोकाच्या पेटीत ठोका संपला तरी घुमत राहतो, आपल्या पाद्रीबाबांच्या प्रवचनासारखा. बंद पेटीत जिथल्या तिथे थांबतो. बंदच घे. घरात न थांबणारं एक माणूस पुरे.

सब आधी बसव, पण आवाज जुळवू नकोस. जोजीला म्हणावं, ते काम चेची खिडकीत बसून करील. पेरुन्नाळाच्या आधी पोचते. अप्पनचं टेबल आत आण. मी पडवीत जेवणार नाही, आणि कप्पा-मीनचं कंद-मासळीचं जेवण मीच करणार. तुझ्या हातचं एकदा खाल्लंय.

नंबियार वकिलांनी परत विचारलं, दाव्याचं काय झालं. सांगितलं, मिटलं, ताबा घ्यायला मी स्वतः निघाले आहे.

लोभ आहेच. ऐकू नाही आला, तर तळपायांना लागेल.

तुझी चेची,
एलिक्कुट्टी