पाहुण्यांच्या खोलीतली ऊब

प्रिय लांगीताई,

दूरच्या थंड इन्व्हरकार्गिलहून तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. मी ठीक आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. आपल्या बेटावर विलायती फणस लगडला का गं यंदा?

शाळेत आपण वाऱ्याची कविता म्हणायचो, आठवते? तो वारा आपला सोबती होता. इथला मेला दाराखालून शिरतो आणि लेकरांच्या छातीत बसतो. म्हणून चर्चच्या वतीने मी गरिबांच्या घरी सरकारी योजनेतून खोली गरम करणारे हीट पंप बसवून देत हिंडतो. पण आपल्या माणसांपुढे हात टेकले!

आपल्या गावच्या मासिनाचंच बघ. किती खेटे घालून तिच्याकडे पंप बसवला! काल संध्याकाळी गेलो, तर तिने कारागिरांना पुढचीच खोली दाखवलेली. त्या खोलीला कडी, आणि मागच्या गारठ्यात तिचं बाळ खोकतंय.

"अगं, हे काय?"

"काका, ती पाहुण्यांची खोली. पाळकसाहेब आले की लावते ना!"

"खोकला पाळकांना झालाय का?"

ती लाजून हसली, पण जागची हलली नाही. मग मीच कडी काढली आणि चटईवर ठाण मांडलं. "मी पाहुणा. पाहुण्याला एकटं बसवतात का? आण बाळाला इकडे." बिचारीला आणावंच लागलं! पंप लागला, बाळ माझ्या मांडीवर शांत झोपलं.

पण मी उठलो की कडी लागणारच. म्हणजे थंडी सरेपर्यंत रोज तिथे जाऊन बसणं आलं.

ताई, बेटावरच्या आपल्या जुन्या घराला नुसते खांब आणि छप्पर, भिंतीसुद्धा नव्हत्या. मग ही कडी आपण शिकलो कुठे?

तुझा, परक्या घरचा रोजचा पाहुणा,
पेनी