मान वळेपर्यंत

आबा,

आज सकाळी माझी मुलगी पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन इंदापूरला गेली आहे. पोचल्याचा फोन अजून आलेला नाही. हातात काम धरवत नाही आणि सारखी तुमची मान डोळ्यांसमोर येते, म्हणून लिहायला बसले.

मी बारामतीला कॉलेजात जायला लागले त्या वर्षीची गोष्ट. तुम्ही इंदापूर-बारामती एसटीवर ड्रायव्हर. तेव्हाचं स्टिअरिंग अंगातला जीव काढून वळवावं लागायचं. तुमची मान दुखते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी दिलेला गळ्याचा पट्टा डेपो जवळ आला की पिशवीत जायचा. पण मान वळतच नाही, हे तुम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं. उजवीकडे बघायचं झालं की कमरेपासून अख्खे वळायचात.

त्या दिवशी मी तुमच्याच गाडीत होते. लासुर्ण्याच्या पुढं उजव्या हाताच्या कच्च्या रस्त्यानं उसाची बैलगाडी वर आली आणि तुम्हाला ती फार उशिरा दिसली. ब्रेक लागला तेव्हा बैलांची शिंगं गाडीपासून हातभर लांब होती. कुणाला खरचटलंही नाही. आता निघू, असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही इंजिन बंद केलंत, खाली उतरलात आणि कंडक्टरना म्हणालात, "मागच्या गाडीत बसवा समद्यांना. माझी मान वळत न्हाय. मी हितनं फुडं गाडी न्हेणार न्हाय."

एकाची कोर्टाची तारीख होती, एका बाईला नात घेऊन दवाखान्यात पोचायचं होतं. ती माणसं तुम्हाला नाही नाही ते बोलली. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकून घेतलंत. डेपोत जाऊन सगळं खरं सांगितलंत, तेव्हा स्टिअरिंग सुटलं आणि हलकं काम मिळालं. स्टिअरिंग परत मिळेल की नाही, कुणीच सांगत नव्हतं.

मग बारामतीच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या मॅडम. तुम्ही सदरा काढून पाठमोरे बसला आहात, संकोचानं कान लाल झालेत. त्या तुम्हाला हात वर करायला सांगतात. डावा फरा पाठीवरून नीट सरकतो, उजवा मात्र कोंबडीच्या पंखासारखा बाहेर येतो. खांद्यामागचं ते पातं जागेवर धरणारे स्नायू दमलेत, त्यांचा भार मानेवर पडतोय, असं त्या समजावतात. तुम्ही विचारता, "म्हंजी मानंला कायच करायचं न्हाय?" त्या म्हणतात, "करायचं, पण आधी खांद्याला कामाला लावू."

त्यानंतर घरी तुम्ही भिंत ढकलायला लागलात. कोपरं टेकवून, फरे खाली ओढून, हळूहळू. हळू हा शब्दच तुम्हाला सोसत नव्हता. रस्त्यावर तुमची गाडी वाजली की जेवता जेवता अर्धे उठायचात, नवा ड्रायव्हर गिअर कसा टाकतोय ते ऐकायचात. आई चिडायची. एकदा लवकर बरं व्हायचं म्हणून दिवसभर भिंतीला भिडलात आणि दुसऱ्या दिवशी उशीवरून डोकं उचलेना. मॅडम रागावल्या. तुम्ही वर्गातल्या पोरासारखे खाली बघत बसलात. मला तेव्हा वाटलं, आता तुम्ही सोडून देणार. सोडलं नाहीत.

आत्ता फोन वाजला असं वाटलं म्हणून उठले होते. नव्हता.

उन्हाळा संपता संपता मॅडमनी मला तुमच्या उजव्या खांद्यामागं उभं केलं आणि तुम्हाला सांगितलं, खांदा न हलवता बघा. तुमची मान हळूहळू वळत आली, हनुवटी खांद्यावर आली. "दिसलीस," तुम्ही म्हणालात. एवढंच. पुढं डेपोत तपासणी झाली, स्टिअरिंग परत मिळालं, आणि निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्याच रस्त्यावर गाडी चालवलीत.

तुम्ही गेल्यावर हे पत्र आता कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगते. तुम्ही परत गाडीवर आलात तेव्हा, कॉलेजचे तास लवकर सुरू होतात म्हणून मी तुमच्या गाडीनं यायला लागले ना, ते खोटं होतं. तास जिथल्या तिथं होते. मी तुमच्या मागच्या बाकावर बसायचे आणि प्रत्येक फाट्याला तुमची मान वळते का ते बघायचे. दर वेळी वळायची. तरी पुढच्या फाट्याला मी पुन्हा बघायचे.