बिनआवाजाचं मशीन

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, आई बरी आहे. फोनवर मी तोंड उघडलं की तू लगेच उपाय सांगून मोकळा होतोस आणि माझं बोलणं माझ्यापाशीच राहतं, म्हणून या वेळी लिहितेय. विषय तुझ्या आवडीचाच आहे. तू आईच्या खोलीत जोडून दिलेला कॉम्प्युटर.

तू रजा काढून आलास तेव्हाचा तो थाट मला अजून आठवतो. जमिनीवर चादर, चादरीवर खोकी, आणि मध्ये तू, कपाळाला बॅटरी बांधून. आई पलंगावरून टक लावून बघत होती. माझं काम तुला माहीत आहे, निदान असावं. अजून न बांधलेल्या घरांची मी चित्रं करते, आत सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन, सगळं खरं वाटेल असं. एकेका चित्रासाठी मशीन तासन्‌तास राबतं. जुनं मशीन राबताना पिठाच्या गिरणीसारखं घरघरायचं, आणि तू आल्या आल्या म्हणालास की आईला शांतता लागते, हे चालायचं नाही. मग तू प्रोसेसर थंड ठेवायला मुठीएवढा नव्हे, चांगला डोक्याएवढा कूलर आणलास, हळू फिरणारे पंखे आणलेस, कॅबिनेटला आतून फोमचं अस्तर लावलंस. चालू केल्यावर ते चालू आहे का हे बघायला मला कान लावावा लागला. वहिनीनं फोटो मागवला. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

पहिलं मोठं चित्र मशीनला करायला लावलं आणि अर्ध्यात सगळं मंदावलं. प्रोसेसरचं तापमान नव्वदच्या पुढे, मग आणखी वर, आणि मग पडदा काळा. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तुला फोन केला. तू म्हणालास, खोली बंद असेल. खिडकी उघडली. मग म्हणालास, टेबल भिंतीला चिकटलेलं असेल. टेबल ओढलं. मग धूळ. नव्या मशीनमध्ये कसली धूळ रे? मग तुझं ठरलं की प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली ती राखाडी पेस्ट नीट पसरली नसेल. ती तू स्वतः लावली होतीस, हे मी बोलले नाही. कूलर सोडवला, पुसला, नवी पेस्ट लावली, स्क्रू तू सांगितलेस तसे आळीपाळीनं आवळले. तरी तेच. मग मी स्क्रू सारखे आवळले नसतील, म्हणून पुन्हा. त्यात आईला जेवायला उशीर झाला. तू तिकडून मीटिंगच्या मधल्या वेळात बोलत होतास आणि तुझ्या मागे कुणीतरी हसत होतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसं दुरून दुरुस्त्याही सोप्या असतात.

तेवढ्यात ज्यांच्यासाठी मी काम करते त्या आर्किटेक्ट बाईंची तारीख उलटली. त्यांचं गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि माझं चित्र अर्धवट. त्यांनी ते दुसऱ्याकडून करून घेतलं. हे तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास ते मी शब्दशः लिहिते, कारण तू विसरला असशील. तू म्हणालास, “मशीनला झेपत नाहीये की तुला? एखादं हलकं काम बघ ना.”

दादा, मला फार लागलं ते. आईचं अंघोळपाणी, व्यायाम, औषधं हे सगळं झाल्यावर उरतं ते एवढंच एक काम आहे, ज्यात मला कुणी माझ्या नावानं ओळखतं. ते गेलं तर मी फक्त ‘आईजवळ असते ती’ एवढीच उरते. तुझ्या त्या वाक्यानंतर मी तुला फोन करणं थांबवलं. तुला ते जाणवलं नसेल. मशीन सुधारलं असेल असं वाटून तू खूश असशील.

मग एके दुपारी, आई झोपलेली असताना, मी रागानं कॅबिनेटची बाजूची फळी काढून पलंगाखाली सरकवली आणि चित्र लावलं. तापमान चढलं, थोडं थबकलं, आणि चक्क खाली आलं. म्हणजे पेस्ट ठीक होती, स्क्रू ठीक होते, माझा हातही ठीक होता. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. फळी लावली की तापायचं, काढली की निवायचं. आत हवाच जात नव्हती. मग मी टॉर्च घेऊन बघितलं. वरच्या जाळीवर तू फोम चिकटवला होतास, पुढच्या जाळीवरही, कोपरे कसे मापात कापलेले. उरला मागचा पंखा, तर तो फार तापल्याशिवाय फिरूच नये असं तू आत सेटिंगमध्ये ठरवून ठेवलं होतंस. श्वास घ्यायला जागा नाही, आणि वर कामाचा बोजा. याला आपल्यात तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. तू म्हणशील, मशीनच्या नावाखाली ही स्वतःचंच रडगाणं गातेय. म्हण बापडा.

सगळा फोम ओरबाडून काढला. पंखे मोकळे सोडले. चित्र पुन्हा लावलं तसा खोलीत घुंऽ असा आवाज भरला आणि आईनं डोळे उघडले. मी धावले बंद करायला. आठवतंय ना, आई आजारी पडली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीचे काही आठवडे गडबड नको. ते आठवडे कधीच सरले, पण तुझा हुकूम राहिला. मी दारावरची बेल काढली. खुर्च्यांच्या पायांना मोजे घातले. भांडी टॉवेलवर पालथी घालते. शेजारीण आली तर तिच्याशी जिन्यात उभी राहून बोलते. तर मी बटणाकडे हात नेला आणि आई म्हणाली, “राहू दे.” तिचे शब्द अजून एकेक करूनच येतात. मी थांबले. ती म्हणाली, “आवाज असला की… घरात कुणी आहे… असं वाटतं.”

मी तिला विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? ती म्हणाली, मला वाटलं तुम्हा दोघांनाच शांतता आवडते. मी स्वयंपाकघरात जाऊन भरपूर रडले. मग येऊन बेल परत लावली.

मशीन आता उत्तम चालतं. पण आर्किटेक्ट बाई आता घरून काम द्यायला तयार नाहीत. त्यांनी ऑफिसात खुर्ची देऊ केली आहे, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. अशी खुर्ची मी पूर्वीही नाकारली होती, आईसाठी. ते तुला कळवायची कधी गरज वाटली नाही. या वेळी मी हो म्हटलंय. सोमवारपासून जाते. आईला दिवसा एकटं ठेवता येत नाही, आणि ‘सांभाळायला बाई ठेव, पैसे मी पाठवतो’ असं लिहिणार असशील तर पत्र पाठवू नकोस. तूच म्हणतोस ना, तुझं काम कुठूनही होतं, फक्त लॅपटॉप लागतो? मग इथूनही होईल. रविवारपर्यंत ये. हे सांगण्यासाठीच एवढं लिहिलं. तू येतोयस हे मी आईला कालच सांगून टाकलं. तिला किती आनंद झाला ते तोंडावर दिसलं. मग तिनं शब्द जुळवत विचारलं, “राहायला… की भेटायला?” मी म्हटलं, राहायला. दादा, आईशी मी आजवर खोटं बोललेले नाही.

तुझीच,
धाकटी