बिननावाच्या डब्यातली दारू

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरवलं आज ह्यांनी! माळ्यावर सासऱ्यांचा जुना डालड्याचा डबा सापडला. आत काळी भुकटी, वर ना नाव ना चिठ्ठी. मामंजी गेले, आता विचारायचं कोणाला?

पण हे म्हणाले, "बंदुकीची दारूच हाय. भुईमुगात रानडुकरं शिरून राहिली, आज बार भरतो." दमट वाटली म्हणून सुपात ओतून उन्हात वाळत घातली. कुठं? माझ्या पापडांशेजारी! वर म्हणे, चिमूटभर पेटवून बघतो. काडीपेटी हिसकावून घेतली मी.

म्हटलं, "ज्या दारूची ओळख न्हाई ती बंदुकीत घालायची न्हाई. तिला हात लावू नका, विस्तव जवळ आणू नका. आत्ताच ठाण्यात फोन लावा, नेतील ते."

फोन शेवटी मीच लावला. पापडही मीच उचलले. सगळं वाया. माझे पापड!

तरी ह्यांचं चालूच. "तुला काय कळतं त्यातलं? बाबांनी हातात घेतल्याबरोबर ओळखली असती."

"कोणत्या हातात?" मी म्हटलं. "बोटं होती त्या, का बार फुटून बोटं गेली त्या?"