धाकटीच्या ओळी

सोमवार, ४ मार्च

ठरलं एकदाचं. आमचा सगळा कोड गिट या नव्या सिस्टिमवर न्यायचा. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली हे आजवर जपून ठेवणारी जुनी सिस्टिम बंद. नवे साहेब म्हणाले, "मॅडम, ते म्युझियम आता आवरा." स्वतः येऊन वर्ष झालं नाही. बोलताना च्युइंगम चघळत असतात. शिसारी येते.

त्या म्युझियममध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं आहेत. आणि धाकटीची चौदा. माझी जाऊ ती — लग्न होऊन आली आणि मीच तिला ऑफिसात चिकटवलं. प्रयोगशाळांचे रक्ताचे रिपोर्ट आज बिनचूक छापले जातात, ते गणित तिचं. मी नुसती स्क्रीनवरची खिडक्या-बटणं सजवली.

बुधवार, ६ मार्च

कोणाच्या नोंदी नव्यात कोणाच्या नावावर जायच्या, त्याचा तक्ता केला. डावीकडे जुन्या सिस्टिममधली नावं, उजवीकडे नव्यातले ईमेल पत्ते. नोकरी सोडून गेलेल्यांना ऑफिसचा पत्ताच नाही. धाकटीने आजारपणात नोकरी सोडली. तिच्या नावासमोर मी तिचा घरचा ईमेल घातला. साहेबांनी खोडला. "बाहेरचे नकोत. रिकामं ठेवा, मी बघतो."

मंगळवार, १२ मार्च

बघितलं त्यांनी! जिथे जिथे रिकामं होतं तिथे माझं नाव. "सगळ्यात जुन्या तुम्हीच ना."

तिची एकेक ओळ माझी झाली. तिने एका बदलासोबत गमतीने लिहिलेली नोंदसुद्धा — "ताई जेवायला बोलावतेय, उरलेलं उद्या." खाली माझं नाव. म्हणजे मीच मला जेवायला बोलावत होते.

मीटिंगमध्ये साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. "मॅडमनी एकहाती उभं केलंय हे." म्हटलं, हे माझं काम नाही. "बघा, किती विनय!" सगळे हसले. घरी आल्यावर हात धुतले. परत धुतले.

शाळेत शिवणाच्या प्रदर्शनात सिस्टर प्रत्येक रुमालाला नावाची चिठ्ठी टाचायच्या. टाका वाकडा असला तरी ज्याचा त्याच्या नावावर. तेव्हा वाटायचं, सगळं जगच असं चालतं.

शुक्रवार, १५ मार्च

दुरुस्त करा म्हणून सांगायला गेले. "मॅडम, सगळ्यांनी आपापल्या कॉम्प्युटरवर प्रती उतरवून घेतल्यात. जुन्या नोंदी बदलल्या की त्या प्रती निकामी. काम चालतंय ना?"

वीट आला.

मंगळवार, १९ मार्च

धाकटीला आता बरं वाटतंय, नोकरी शोधतेय. एका कंपनीने आमच्या ऑफिसला विचारलं — रिपोर्टांचं गणित हिने लिहिलं, हे खरं का? साहेबांनी नव्या सिस्टिममध्ये शोधलं आणि कळवून टाकलं: या नावाने काही काम आढळत नाही.

संध्याकाळी ती खालच्या मजल्यावरून वर आली. नेहमीसारखी माझ्यासमोर भाजी निवडायला बसली. मग म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मी तिथे काय करत होते गं?"

सगळं सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "राहू दे. परक्याच्या नावावर तर नाही ना गेलं."

जेवण गेलं नाही.

शनिवार, २३ मार्च

जुन्या सिस्टिमचा सर्व्हर बुधवारी काढणार म्हणे. अजून चालू आहे.

रविवार, २४ मार्च

दुपारी ऑफिसात गेले. वॉचमन म्हणाला, "आज सुट्टी ना बाई?" म्हटलं, थोडं आवरायचंय.

जुन्या सर्व्हरवरून सगळं पुन्हा आणलं, माझ्या मूळ तक्त्याप्रमाणे. हलवाहलवीनंतर ऑफिसातल्या मुलांनी केलेलं काम जसंच्या तसं त्यावर बसवलं. मग नव्यातलं पुसलं आणि हे तिथे ठेवलं. धाकटीच्या ओळी धाकटीच्या नावावर. त्या कंपनीलाही कळवलं — आधीचं उत्तर चुकीचं, गणित हिचंच.

सोमवार, २५ मार्च

सकाळी सगळ्यांच्या प्रती अडल्या. साहेब तरातरा आले. "हे कोणी केलं?"

म्हटलं, शेवटची नोंद उघडा. खाली माझं नाव घातलंय मी.