आधी हजार तास

बाबा, गेल्या मंगळवारी आमच्या कंपनीत पुन्हा तोच वाद झाला. नवे को-पायलट कुठून घ्यायचे? दीड वर्षाच्या झटपट कोर्समधून थेट बाहेर पडलेली मुलं घ्यायची, की चार-पाच वर्षं कुठेतरी शिकवून, छोटी विमानं उडवून आलेली माणसं? नॉटिंगहॅमच्या एका हॉटेलातली मीटिंग रूम, गार झालेली कॉफी, आणि टेबलाभोवती आम्ही सहाजण. मी आता ट्रेनिंग कॅप्टन आहे, म्हणजे नव्यांना शिकवते, त्यामुळे माझ्या शब्दाला तिथे वजन आहे. मी नेहमीप्रमाणे झटपट कोर्सची बाजू घेतली. म्हटलं, जुन्या सवयी मोडत बसण्यापेक्षा नव्या लावणं सोपं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि बोलताना माझ्या डोळ्यांसमोर त्या टेबलावरचं कोणी नव्हतं, तुम्ही होतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली तरी मी अजून तुम्हालाच हरवत असते.

हरवणं कठीण नव्हतंच म्हणा. तुमच्याकडे होतं काय? नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेला माणूस, मिल्टन कीन्सला पाच दिवस ऑफिस आणि शनिवार-रविवार ते गवताळ विमानतळ. विमानतळ कसला, मेंढ्यांच्या कुरणाशेजारची एक लांब पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारा एक फाटका विंडसॉक आणि पोर्टाकॅबिनच्या पत्र्याच्या खोक्यातलं क्लबघर. तिथे ओल्या मोज्यांचा आणि पेट्रोलचा वास येतो. मी बारा-तेरा वर्षांची आहे, खिडकीशी गृहपाठ करतेय, आणि तुमचे मित्र चहात बिस्किटं बुडवत एकमेकांना आपले उड्डाणाचे तास सांगताहेत. माझे नऊशे, माझे बाराशे. तुमचे सगळ्यांत जास्त, कारण तुम्ही तिथले इन्स्ट्रक्टर. कोणीही नवीन आलं की तुमचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी हजार तास, मग बोल." मला तेव्हाही प्रश्न पडायचा की त्याच चर्चला वळसा घालून त्याच पट्टीवर उतरण्याचे हजार तास, हे हजार तास असतात की एकच तास हजार वेळा? विचारलं नाही. तुमच्या गोतावळ्यात तुम्ही देव होतात आणि देवाला असलं काही विचारायचं नसतं.

त्या देवाची परीक्षा मी त्याआधीच पाहिली होती. मी अकरा वर्षांची असताना एका एअरलाइनने तुम्हाला बोलावलं होतं. मुलाखत झाली होती, सिम्युलेटरची, म्हणजे नकली कॉकपिटमधली चाचणी उरली होती. आई आणि मी कार पार्कमध्ये बसलोय, मांडीवर पोळीभाजीचा डबा. तुम्ही दीड तासाने बाहेर आलात, टाय काढून खिशात कोंबलेला. आईने विचारलं, "काय झालं?" तुम्ही म्हणालात, "खेळणं आहे ते. व्हिडिओ गेम." मग एम वन हायवे लागेपर्यंत तुम्ही एकटेच बोलत होतात. "शेजारी एक पोरगा बसवला होता. इंजिन बंद पडलं तर हा चेकलिस्ट वाचतोय! मी म्हटलं गप्प बस, मला उडवू दे." आई म्हणाली, "अहो, पण त्याला वाचायलाच बसवलं असेल ना." तुम्ही रेडिओ लावलात.

अकरा-बारा वर्षांनी कोर्समध्ये दोन माणसांनी मिळून विमान चालवायचं शिकताना मला कळलं की तुम्ही नेमके कुठे नापास झालात. शेजाऱ्याचं ऐकणं ही तिथली पहिली पायरी असते, बाबा. वीस वर्षांची मुलं ती एका दुपारी चढतात. तुम्ही मात्र घरी येऊन त्या नापास होण्याचं तत्त्वज्ञान केलंत. त्या दिवसानंतर एअरलाइनचा प्रत्येक पायलट तुमच्या लेखी बटणं दाबणारा झाला आणि खरं उड्डाण फक्त मेंढ्यांच्या शेजारी उरलं.

माझं सिलेक्शन झालं तो रविवार आठवतो. एअरलाइनने स्वतःच निवडलेली, स्वतःच शिकवून नोकरीवर घेणार अशी बॅच होती. तुम्ही ओट्याशी उभे राहून झुणक्यासाठी कांदा चिरताय. सोळाव्या वर्षापासून तुम्हीच मला शिकवत होतात. ठरलं असं होतं की मी तुमच्यासारखीच इन्स्ट्रक्टर व्हायचं, तीन-चार वर्षं क्लबमध्ये काढायची, मग बघू. ठरवलं तुम्हीच होतं. मी पत्र ओट्यावर ठेवलं. तुम्ही सुरी न थांबवता वाचलंत. "किती महिने?" "अठरा." "आणि मग दीडशे माणसं पाठीशी घेऊन बसणार?" "हो." तुम्ही सुरी ठेवलीत. "कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या म्हणजे स्वयंपाक येत नाही. वारा आडवा आला की रडशील." आई म्हणाली, "जाऊ द्या हो तिला." तुम्ही म्हणालात, "जाऊ दे ना. मी कुठे धरलंय?" आणि झुणका करपला तो तसाच वाढलात.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, पण त्या कोर्सलाही माझा फारसा नमस्कार नाही. पहिल्याच दिवशी आम्हाला खांद्यावर पट्ट्यांचे पांढरे शर्ट दिले आणि एका गुळगुळीत माणसाने आम्हाला "उद्याचे कॅप्टन" म्हटलं. आमच्यातल्या निम्म्यांना तेव्हा गाडीही चालवता येत नव्हती. प्रत्यक्ष उडवायला आम्हाला स्पेनला नेलं, कारण तिथे आकाश रोज निळं असतं आणि वेळापत्रक चुकत नाही. वारा म्हणजे आमच्यासाठी परीक्षेतला एक धडा होता. मी सगळ्या पेपरांत पहिली आले. चोविसाव्या वर्षी ल्यूटनला जेटच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसले, आणि तुम्ही तोपर्यंत माझ्याशी हवापाण्यापलीकडे काही बोलला नव्हतात.

मग मावशीच्या घराची वास्तुशांत निघाली, एडिनबराला. आईने मुद्दाम माझ्याच फ्लाइटची तिकिटं काढली. निघताना मी विमानाच्या दारात उभी राहून तुम्हाला ऐकवलं, "आज लँडिंग माझं आहे." तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि सीट शोधायला गेलात. आणि खरंच ते माझं होतं, अर्ध्या वाटेपर्यंत. खाली उतरायला लागलो तसा टॉवरने वारा सांगितला. उत्तरेकडून, आडवा, झटक्याझटक्याने येणारा. नव्या को-पायलटला इतक्या वाऱ्यात उतरवायची कंपनीची परवानगीच नव्हती. माझे कॅप्टन स्कॉटिश होते, पन्नाशी उलटलेले. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "हे माझ्याकडे दे, बाळा." मी दिलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. विमान धावपट्टीकडे तिरकं, खेकड्यासारखं चाललं होतं. मी उंचीचे आणि वेगाचे आकडे वाचत होते. शेवटच्या क्षणी त्यांनी पायाने पेडल दाबून विमानाचं नाक सरळ केलं, एक पंख किंचित खाली धरला, आणि आधी एक चाक, मग दुसरं, असं टेकवलं की मागे कोणाचा कप सांडला नसेल. मी विचारलं, हे कुठे शिकलात? ते म्हणाले, "स्कॉटलंडच्या बेटांवर. दहा वर्षं छोटी विमानं. त्याआधी क्लबात शिकवायचो." म्हणजे तुमच्यासारखेच. तुमच्या हजार तासांचा जिताजागता पुरावा माझ्या डाव्या हाताला बसलेला होता.

सगळे उतरेपर्यंत तुम्ही थांबलात. मग कॉकपिटच्या दाराशी आलात. तुमचे डोळे ओले होते, आणि मला ते आवडलं नाही. तुम्ही मराठीत विचारलंत, "तू?" कॅप्टनना मराठी कळत नव्हतं. ते हसून तुमच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हं." तुम्ही म्हणालात, "शेवटपर्यंत पायाने धरून ठेवलंस. मला जमलं नसतं, गं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात, त्या पट्ट्यांच्या शर्टात, केबिन क्रूसमोर. आयुष्यभरात तुम्ही मला दिलेली ती एकमेव शाबासकी. दुसऱ्याची.

सांगता आलं असतं. वास्तुशांतीला दोन दिवस आपण एका घरात होतो. पण तुम्ही जेवणाच्या पंगतीत प्रत्येकाला ती गोष्ट सांगत होतात, आणि मला मजा येत होती. वाटलं, पाहू दे यांना आपलं तत्त्वज्ञान कोसळताना. कोसळलंच. चार-पाच महिन्यांनी तुमचा फोन आला. मी फ्लाइट संपवून पायऱ्या चढत होते. तुम्ही म्हणालात, "मी शिकवणं सोडलं." मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "पोरांना काय सांगू? आधी हजार तास? तू तीनशेत केलंस." आणि वर, "मग मी इतकी वर्षं काय करत होतो गं?" मी म्हटलं, "टाइमपास, बाबा." तुम्ही हसलात. मीही हसले. त्यानंतर तुम्ही विमानात पाऊल ठेवलं नाहीत. रविवारी लॉन कापायचात, टीव्ही बघायचात, आईला कांदा चिरून द्यायचात. तीन वर्षांनी घरामागच्या रेडवेवर, त्या लाल पायवाटेवर चालायला गेलात आणि तिथेच बसलात, ते पुन्हा उठला नाहीत. तुम्हाला उठवायला ओळखीचं कोणी नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल ही पश्चात्तापाची चिठ्ठी आहे. नाही. मी पुष्कळ विचार केलाय आणि मला अजूनही तुमचीच लाज वाटते. वीस वर्षांची श्रद्धा पोरीच्या एका हुंकारावर मोडते, ती श्रद्धा कसली? इतके तास उडवलेला माणूस मागच्या सीटवर बसून ओळखू शकला नाही की हे नवशिकीचे पाय नाहीत? एकदा तरी विचारायचंत, कसं केलंस, किती पाय दिलास, कधी सोडलास. दोन प्रश्नांत मी उघडी पडले असते. पण तुम्हाला विचारायची सवयच नव्हती. सिम्युलेटरमध्ये शेजारच्याला गप्प बसवलंत आणि विमानात स्वतःला. तुम्ही बरोबर होतात हे तुम्हाला कळलं नाही, आणि याचा मला सगळ्यांत जास्त संताप येतो. बरोबर असून हरणाऱ्या माणसाबद्दल आदर कसा ठेवायचा, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

मीटिंगनंतरच्या रविवारी मी नॉटिंगहॅमबाहेरच्या एका गवताळ पट्टीवर गेले. का गेले ते मला विचारू नका. सतरा वर्षांत मी छोट्या विमानाला हात लावला नव्हता. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मी "ऑफिस" लिहिलं. इन्स्ट्रक्टर तेवीस वर्षांची मुलगी, नाक लाल झालेलं, अंगावर भावाचं असावं असं जाकीट. वारा आडवा होता, फार नाही. तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा विमान बेडकासारखं उडालं, दुसऱ्यांदा गवतावरून बाजूला सरकलं, तिसऱ्यांदा तिने शांतपणे कंट्रोल्स स्वतःकडे घेतले आणि उतरवलं. मोठ्या विमानात हे मी आता झोपेतही करते, पण तिथे यंत्रं माझे पाय झाकून घेतात. इथे झाकायला काही नव्हतं. उतरल्यावर ती म्हणाली, "तुमचे पाय झोपलेत, पण नजर बरोबर जागी जाते. आधी कोणी शिकवलंय?" मी म्हटलं, वडिलांनी. "अजून उडवतात ते?" मी म्हटलं, "नाही. माझ्यामुळे सोडलं त्यांनी." तिला तो विनोद वाटला. ती हसली आणि पुढच्या रविवारचं बुकिंग लिहायला आत गेली.

एवढंच मी आजवर कोणाला सांगितलंय, बाबा, आणि तेही इंग्रजीत, एका अनोळखी मुलीला. मराठीत आज पहिल्यांदा लिहिलं. आईला मराठी वाचता येतं, म्हणून हे कागद मी घरी ठेवणार नाही.